विक्रेत्याच्या जुन्या यू-बूटमधले ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर कसे न्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्पादनातल्या बोर्डावर चिप-विक्रेत्याने दिलेलं 2017 च्या सुमाराचं यू-बूट (बोर्ड चालू होताच आधी चालून लिनक्स उठवणारा बूटलोडर) चालतंय. त्यातले इथरनेट, एसपीआय फ्लॅश आणि पॉवर चिपचे ड्रायव्हर टीमने आपल्या गरजेप्रमाणे बदललेत. ग्राहकाच्या सुरक्षा तपासणीत ही जुनी आवृत्ती खटकली, म्हणून आता नव्या आवृत्तीवर जायचं आहे. जुने ड्रायव्हर जसेच्या तसे उचलून बसवावेत, लिनक्समधले आणावेत, की नव्याने लिहावेत?

तिन्हीपैकी एकही गोष्ट सरसकट करू नका. त्या ड्रायव्हरांमध्ये तुमचं स्वतःचं असं नेमकं काय आहे, ते आधी वेगळं काढा. बहुतेक वेळा ते मूठभर निघतं, आणि पुढची सगळी वर्षं काळजी त्या मूठभराचीच घ्यायची असते. बाकीचं ओझं ज्याचं त्याच्याकडे सोपवता येतं.

वेगळं काढायचं काम कंटाळवाणं असतं, पण ते टाळू नका. विक्रेत्याचा सोर्स बऱ्याचदा गिटच्या इतिहासाशिवाय, नुसत्या टारबॉलमध्ये हातात येतो. मेकफाइलच्या अगदी वरच्या ओळींत आवृत्ती लिहिलेली असते. यू-बूट 2008 पासून आवृत्त्यांना वर्ष आणि महिना हेच नाव देतं, त्यामुळे शोधाशोध फार होत नाही. मूळ प्रकल्पातली तीच आवृत्ती काढून डिफ (दोन सोर्समधला ओळीगणिक फरक) घ्या. डिफ राक्षसी दिसेल, कारण विक्रेत्याने पुढच्या आवृत्त्यांमधलेही बरेच पॅच मागे आणून चिकटवलेले असतात. म्हणून त्याच फाइलींचा डिफ आजच्या आवृत्तीशीही घ्या. दोन्ही डिफमध्ये जे वेगळं दिसतं, ते खरं वेगळं. त्यातून रिकाम्या जागा आणि डीबगसाठी टाकलेले प्रिंट वजा केले की जे उरेल ते एका कागदावर मावतं.

दुसरी गोष्ट, इथरनेट किंवा एसपीआय कंट्रोलर तुमच्या चिप-विक्रेत्याने बहुधा स्वतः घडवलेला नसतो. सिनॉप्सिसचे डिझाइनवेअर ब्लॉक, केडन्सचा इथरनेट मॅक (पॅकेटं पाठवणारा-घेणारा भाग), केडन्सचा क्वाड-एसपीआय हे त्या कंपन्यांचे तयार ब्लॉक, म्हणजे सर्किटचे भाग, विकत घेऊन चिपमध्ये बसवलेले असतात. चिप बदलली की भोवतीचं क्लॉक, रिसेट, पिनांची मांडणी आणि फार तर एखादं जोड-रजिस्टर बदलतं. या तिन्ही ब्लॉकांचे ड्रायव्हर मूळ यू-बूटमध्ये आहेत, आणि दहा-दहा वेगवेगळ्या चिपांवर चालून ते गुळगुळीत झालेत. विक्रेत्याने मात्र फाइलीला स्वतःचं नाव देऊन तोच ड्रायव्हर परत लिहिलेला असतो. रजिस्टरांचे ऑफसेट जुळवून बघा. पहिली आठ-दहा रजिस्टरं जुळली तर नवा ड्रायव्हर लिहायचा विषय तिथेच मिटला. उरते ती फक्त जोडणी.

आता 2017 नंतर काय बदललं ते बघू. सर्वात मोठा बदल खरं तर त्याआधीच सुरू झाला होता. जुन्या पद्धतीत बोर्डाच्या फाइलीत इथरनेटसाठी एक, एमएमसीसाठी (कार्ड-मेमरीसाठी) एक अशी इनिट फंक्शनं असायची. ती ड्रायव्हरला थेट बेस पत्ता देऊन हाक मारायची, आणि कॉन्फिगरेशन हेडर फाइलीतल्या शेकडो डिफाइनमधून यायचं. एकाच प्रकारचे दोन कंट्रोलर आले की ग्लोबल व्हेरिएबलांची मारामारी ठरलेली. 2014 मध्ये यू-बूटचे विकासक सायमन ग्लास यांचं ड्रायव्हर मॉडेल (सगळ्या ड्रायव्हरांसाठी एकच चौकट) मुख्य सोर्समध्ये आलं, आणि त्याच वर्षी पर्याय निवडायचं केकॉन्फिगही आलं. त्यापुढे एकेक उपप्रणाली हलवायला सुरुवात झाली. प्रत्येकीला मुदत दिली होती: एमएमसीला 2019.04, यूएसबीला 2019.07, इथरनेटला 2020.07. मुदत उलटलेल्या बोर्डाचं बिल्ड केलं की मेकफाइल मोठ्या चौकटीत इशारा छापायची. ज्यांच्यासाठी कोणीच पुढे आलं नाही ते बोर्ड यथावकाश काढून टाकले गेले.

त्या काळात या मुदतींवर पुष्कळ नाराजी होती. चालतं ते का मोडता, हा सगळ्यांचा सवाल. माझं मत तेव्हाही मुदतींच्या बाजूने होतं. दोन पद्धती शेजारी शेजारी जगत असताना प्रत्येक ड्रायव्हरच्या पोटात इफडेफने (प्रीप्रोसेसरच्या अटींनी) दोन ड्रायव्हर राहत होते, आणि त्यातला एक कोणीच चालवून बघत नव्हतं. 2022 च्या अखेरीस जुनी इथरनेट पद्धत पूर्ण काढली तेव्हा नेटवर्कच्या फाइली पहिल्यांदा सरळ वाचता येऊ लागल्या. तुम्ही 2017 वरून येताय म्हणजे हा सगळा पल्ला एका उडीत ओलांडायचा आहे. तो टप्प्याटप्प्याने, मधल्या प्रत्येक आवृत्तीवर रिबेस करत (आपले बदल पुन्हा चढवत) ओलांडू नका. मधल्या आवृत्त्यांवर तुमचा बोर्ड कोणी चालवणार नाही, मग तिथले संघर्ष सोडवण्यात दिवस का घालवायचे? थेट आजच्या आवृत्तीवर जा, आणि कागदावरची यादी घेऊन एकेक गोष्ट नव्याने बसवा.

नुसती नावंही बदललीत, त्याने दचकू नका. डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीतून) माहिती वाचणाऱ्या फंक्शनचं नाव 2020 च्या अखेरीस आखूड झालं. वॉचडॉगला (अडकलेला बोर्ड रिसेट करणाऱ्या टायमरला) हात लावायचा मॅक्रो 2022 मध्ये 'शेड्यूल' या फंक्शनमध्ये बदलला. सगळ्या फाइलींच्या डोक्यावर असलेलं 'कॉमन' हेडर 2024 मध्ये गेलं, त्यामुळे आता लागतील ती हेडरं स्वतः मागावी लागतात. कंपायलर हे सगळं ओरडून सांगतो. कंपायलर जे सांगत नाही, वेळ तिथे खर्च करा.

त्यातली पहिली गोष्ट बाइंड आणि प्रोब यांतला फरक. बाइंड म्हणजे डिव्हाइस ट्रीमधल्या नोडला ड्रायव्हर जोडला गेला, इतकंच. हार्डवेअरला अजून कोणी हात लावलेला नाही, क्लॉक चालू आहे की नाही हेही माहीत नाही. प्रोब होतो तो कोणीतरी ते डिव्हाइस खरोखर मागितल्यावर. कोणी मागितलंच नाही तर प्रोब होतच नाही, आणि तेच बरोबर आहे. बूटलोडरला एमएमसीवरून कर्नल उचलायचं असेल तर इथरनेटच्या पीएचवायची (केबलच्या बाजूच्या चिपची) वाटाघाट कशाला व्हायला हवी? विक्रेत्याच्या ड्रायव्हरमध्ये हमखास दिसणारा प्रकार म्हणजे बाइंडमध्येच रजिस्टर लिहिणं. जुन्या इनिटमधला मजकूर उचलून जिथे बसला तिथे बसवलेला असतो. असा ड्रायव्हर एका बोर्डावर योगायोगाने चालतो आणि क्लॉक बंद असलेल्या दुसऱ्या बोर्डावर बस-एररने मरतो.

लिनक्समधून येणाऱ्यांसाठी इथे एक सुखद फरक आहे. लिनक्समध्ये क्लॉकचा ड्रायव्हर अजून आलेला नसेल तर प्रोब पुढे ढकलला जातो. यू-बूटमध्ये ही भानगड नाही. तुम्ही क्लॉक मागितलं की क्लॉकच्या डिव्हाइसचा प्रोब तिथल्या तिथे होतो, आणि त्याचा पालक आधी प्रोब होतो. म्हणून क्रम लावण्यासाठी बोर्डाच्या फाइलीत लिहिलेल्या साऱ्या करामती काढून टाका. डिव्हाइस ट्रीमध्ये क्लॉक, रिसेट आणि रेग्युलेटर नीट लिहिले असतील तर क्रम आपोआप लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एसपीएल, मुख्य यू-बूटच्या आधी चालणारा त्याचाच छोटा टप्पा. मुख्य यू-बूटमध्ये ड्रायव्हर उत्तम चालतो आणि एसपीएलमध्ये सिरियलवर एक अक्षर उमटत नाही, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की कारणही सांगून टाकते. एसपीएलसाठी डिव्हाइस ट्री चाळून लहान केली जाते आणि ज्या नोडवर बूटच्या टप्प्याची खूण नाही ते नोड गळतात. ही खूण आधी यू-बूटची खासगी होती. 2023 पासून डिव्हाइस ट्रीच्या सामाईक स्कीमामधली 'बूटपीएच' ही खूण वापरतात. लोक यूआर्टच्या (सिरियल पोर्टच्या) नोडवर ती लावतात, पण त्या यूआर्टच्या पिनांचा नोड आणि क्लॉकचा नोड विसरतात.

एसपीएलचं दुसरं दुखणं जागेचं. ऑलविनर ए64 मध्ये एसपीएलला 32 किलोबाइट मिळतात. बीगलबोन ब्लॅकवरच्या एएम335एक्समध्ये रॉम 109 किलोबाइटपर्यंतच इमेज उचलते. म्हणून या प्रकल्पात सामाईक फाइलीत चार ओळी वाढवल्या तरी कोणीतरी विचारतं की कुठल्या बोर्डाचा आकार किती वाढला. पॅच पाठवण्याआधी बिल्डमॅन (अनेक बोर्डांची बिल्ड करणारं यू-बूटचं साधन) चालवून प्रत्येक कमिटमागचा आकारातला फरक स्वतःच बघा. आणि इथे एक सापळा आहे. कॉन्फिग चालू आहे का हे तपासणारे दोन मॅक्रो आहेत. एक नुसता 'इज एनेबल्ड', दुसरा पुढे 'कॉन्फिग' लावलेला. पहिला फक्त मूळ पर्याय बघतो. दुसरा एसपीएलच्या बिल्डमध्ये त्याच पर्यायाचा एसपीएलवाला अवतार बघतो. चुकीचा वापरला तर कंपायल बिनतक्रार होतं, आणि एसपीएलमध्ये नको असलेला कोड आत येतो किंवा हवा असलेला गायब होतो. कोड-परीक्षणात माझी नजर आधी तिथे जाते. शक्य तिथे प्रीप्रोसेसरच्या इफडेफऐवजी साधा इफ लिहा. बंद असलेला भागसुद्धा कंपायलरच्या नजरेखालून जातो, आणि सहा महिन्यांनी कोणी फंक्शनचे पॅरामीटर बदलले तर तो भाग गुपचूप कुजत नाही.

आता लिनक्समधून ड्रायव्हर आणण्याबद्दल. आणा, पण सगळा आणू नका. यू-बूटमध्ये लिनक्ससारखा शेड्युलर नाही, इंटरप्टवर चालणारं जवळजवळ काही नाही, काम सहसा एकाच धाग्यात चालतं. लिनक्सच्या ड्रायव्हरमधला निम्म्याहून जास्त मजकूर लॉक, वर्कक्यू, रनटाइम पॉवर आणि इंटरप्ट हाताळण्यात जातो. तो रिकाम्या मॅक्रोंनी झाकून कंपायल करवता येतो, पण पुढे वाचणाऱ्याला त्यातलं जिवंत काय आणि मेलेलं काय ते कळत नाही. आणायचं ते रजिस्टरांच्या व्याख्या, रिसेटचा नेमका क्रम, चिपच्या खोडींची यादी आणि कुठे किती मायक्रोसेकंद थांबायचं ते आकडे. हे ज्ञान महागात मिळवलेलं असतं. इंटरप्टची वाट बघण्याऐवजी वेळमर्यादा असलेलं पोलिंग (रजिस्टर पुन्हा पुन्हा वाचणं) वापरा. मर्यादेविना फिरणारा व्हाइल लूप बूटलोडरमध्ये लिहायचाच नाही, कारण तो अडकला तर बोर्ड वीट होतो आणि सिरियल केबल घेऊन साइटवर माणूस पाठवावा लागतो. लांब चालणाऱ्या लूपमध्ये मायक्रोसेकंदांचं डिले फंक्शन वापरलंत तर वॉचडॉगला चारा तेच घालतं. नुसतं रजिस्टर वाचत राहिलात तर ते तुम्हाला करावं लागेल.

याला एक मोठा अपवाद आहे. नॅन्ड फ्लॅशचा एमटीडी थर आणि यूबीआय (फ्लॅश हाताळणारे दोन भाग) हे यू-बूटमध्ये लिनक्समधून जवळपास अखंड आणलेले आहेत आणि अधूनमधून लिनक्सशी परत जुळवले जातात. तिथे उलटा नियम लावा. तिथल्या व्हेरिएबलांची नावं सुंदर करू नका, फंक्शनं फोडू नका, इंडेंट सुधारू नका. तुमची ती साफसफाई पुढच्या जुळवणीत दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्याला ताप होते. एखादी दुरुस्ती हवी असेल तर आधी लिनक्समध्ये झाली आहे का बघा, झाली असेल तर तीच आणा, आणि कमिटच्या मजकुरात लिनक्सचा कमिट क्रमांक लिहा. दोन वर्षांनी कोणी विचारलं की हा ड्रायव्हर लिनक्सच्या कुठल्या बिंदूवर आहे, तर त्या एका ओळीचं मोल कळतं. ड्रायव्हर कुठल्या जातीचा, लिनक्सच्या सावलीतला की यू-बूटचा स्वतःचा, हे ठरवल्याशिवाय त्यात हात घालू नये.

कॅश हा स्वतंत्र विषय आहे, आणि इथरनेट तुमच्या यादीत आहे म्हणून सविस्तर लिहिते. लिनक्समध्ये डीएमएची (हार्डवेअरने प्रोसेसरविना थेट मेमरी वाचण्या-लिहिण्याची) मांडणी झाकून दिलेली असते. यू-बूटमध्ये कॅश फ्लश (कॅशमधलं मेमरीत लिहिणं) आणि इनव्हॅलिडेट (कॅशमधलं फेकून देणं) बहुतेक ड्रायव्हर स्वतः करतात. कॉर्टेक्स-ए9 मध्ये कॅशची ओळ 32 बाइटची, कॉर्टेक्स-ए53 मध्ये 64 ची. डिझाइनवेअरसारख्या मॅकचा साधा डिस्क्रिप्टर (एका बफरची माहिती देणारी नोंद) 16 बाइटचा. म्हणजे ए53 वर एका ओळीत चार डिस्क्रिप्टर शेजारी बसतात. तुम्ही त्यातल्या एकात लिहून ओळ फ्लश केलीत की बाकी तिघांच्या जुन्या प्रती मेमरीत जातात. हार्डवेअरने मधल्या वेळात त्यातल्या एखाद्यावर पॅकेट आल्याची नोंद केलेली असेल तर ती पुसली जाते. उलट, इनव्हॅलिडेट केलंत तर तुम्ही नुकतंच लिहिलेलं शेजाऱ्याचं काही फेकलं जातं. लक्षण असं की टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल आणणारी आज्ञा) हजारो ब्लॉक नीट आणतं आणि मग मध्येच टी-टी-टी छापत थांबतं. उपाय म्हणजे प्रत्येक डिस्क्रिप्टर कॅशच्या ओळीइतका रुंद करणं, तशी उडी हार्डवेअरला सांगता येते का ते बघणं, आणि बफर नेमके ओळीवर सुरू होतील आणि ओळीवरच संपतील असे घेणं. कॅशची मिसअलाइन्ड कारवाई झाल्याचा इशारा सिरियलवर दिसला तर तो छापणारी ओळ कॉमेंट करू नका. तो इशारा खरं सांगतोय.

विक्रेत्यांचा आवडता उपाय म्हणजे डेटा कॅशच बंद करणं. तक्रार थांबते, पण कर्नल उलगडायला आणि सही तपासायला कित्येक पट वेळ लागतो. मग बूटचा वेळ कमी करायची वेगळी मोहीम निघते आणि तिच्यात कोणालाच आठवत नाही की कॅश का बंद केली होती. तुमच्या डिफमध्ये हे सापडतं का ते बघा. मी पैज लावायला तयार आहे.

आणि निघून जाण्याबद्दल. बूटलोडरच्या ड्रायव्हरचं निम्मं काम हार्डवेअर चालू करण्याचं, निम्मं ते शांत करून कर्नलच्या हवाली करण्याचं. भाड्याचं घर सोडताना गॅस, नळ बंद करून किल्ली देतात तसं. एका औद्योगिक गेटवेवर लिनक्स सुरू होताना कधीतरी, कुठेही कोसळायचं. टेबलावर कधी नाही, कारखान्याच्या नेटवर्कवर मात्र नेमाने. इथरनेट ड्रायव्हरचं 'स्टॉप' फंक्शन रिसीव्ह बंद करायचा बिट लिहून लगेच परतत होतं, डीएमए खरोखर थांबला का हे बघत नव्हतं. कारखान्याच्या नेटवर्कवर ब्रॉडकास्टचा पाऊस, आणि ती पॅकेटं बूटलोडरच्या जुन्या बफरांत, म्हणजे आता कर्नलच्या मालकीच्या मेमरीत, लिहिली जात होती. टेबलावरच्या शांत स्विचवर हे दिसणार कसं?

यू-बूटमध्ये याची सोय आहे. नेटवर्कचं काम संपलं की 'स्टॉप' बोलावलं जातं. त्यात डीएमए निष्क्रिय झाल्याची खूण येईपर्यंत, वेळमर्यादेसह, थांबा. इतर प्रकारच्या ड्रायव्हरांसाठी 'डीएमए चालू आहे' आणि 'ओएसआधी आवरायचं आहे' असे दोन फ्लॅग आहेत. कर्नलमध्ये उडी मारण्याआधी फक्त हे फ्लॅग लावलेल्या डिव्हाइसांचं 'रिमूव्ह' बोलावलं जातं. फ्लॅग नसेल तर तुमचं सुंदर लिहिलेलं 'रिमूव्ह' कोणी विचारतही नाही. एसपीआय फ्लॅशमध्येही हेच दुखणं दुसऱ्या रूपात येतं. 16 मेगाबाइटपेक्षा मोठ्या फ्लॅशला चार बाइटांच्या पत्त्यात ढकलून तसंच सोडलं, तर मऊ (वीज न तोडता केलेल्या) रिबूटनंतर चिपचा रॉम तीन बाइटांचा पत्ता पाठवतो आणि बोर्ड उठत नाही. शक्य असेल तर फ्लॅशच्या चार-बाइटी आज्ञाच वापरा, मोड बदलू नका. आणि नव्या हार्डवेअरमध्ये फ्लॅशची रिसेट पिन सिस्टीमच्या रिसेटला जोडून घ्या. हे काम ड्रायव्हरवाल्याचं नाही, पण सर्किट आखणाऱ्याला ते सांगणार दुसरं कोणी नसतं.

डिव्हाइस ट्रीबद्दल माझा आग्रह स्पष्ट आहे. बोर्डागणिक बदलणारी प्रत्येक गोष्ट डेटामध्ये जावी, कोडमध्ये नाही. चिपच्या पिढीची खोड 'कंपॅटिबल' नावाशी जोडलेल्या डेटात ठेवा, बोर्डाच्या नावाच्या इफडेफमध्ये नको. यू-बूट 2024.07 पासून लिनक्समधल्या डिव्हाइस ट्री फाइली एका सबट्रीतून थेट येतात. तुमच्या चिपसाठी तो पर्याय असेल तर तोच घ्या. यू-बूटपुरतं जे वेगळं लागतं ते शेजारच्या छोट्या '-यू-बूट' डीटीएसआय फाइलीत ठेवा, आणि ती फाइल दर आवृत्तीला कमी करत न्या. विक्रेत्याच्या फोर्कमध्ये (त्याच्या वेगळ्या प्रतीत) त्याने स्वतः शोधलेल्या प्रॉपर्टी असतील, लिनक्सच्या बाइंडिंगमध्ये (डिव्हाइस ट्रीच्या मान्य नियमांत) नसलेल्या. त्या घेऊन मूळ प्रकल्पात गेलात तर पहिलाच प्रश्न येईल की हे लिनक्समध्ये मान्य झालंय का. आधी तिथे मान्य करून घ्या. वेळ लागतो, पण एकदा झालं की कर्नल आणि बूटलोडर एकच वर्णन वाचतात आणि तुमची एक फाइल कायमची कमी होते.

चाचण्यांसाठी यू-बूटचं सँडबॉक्स बिल्ड वापरा. ते लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमसारखं चालतं. जीडीबी हा डीबगर लावता येतो, आणि ड्रायव्हर मॉडेलच्या शेकडो चाचण्या एका आज्ञेत होतात. तुमच्या चिपचं रजिस्टर त्यात नाही, हे मान्य. पण तुम्ही यूक्लासमध्ये, म्हणजे एका जातीच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या सामाईक भागात, बदल केलात तर सँडबॉक्सची चाचणी त्यासोबत द्यावीच लागते. आणि द्यावी. सामाईक भागाला चाचणी असली की उद्या दुसऱ्या कोणी तिथे केलेला बदल तुमचं काही मोडत असेल तर तो बदल आत येण्याआधी अडतो. खऱ्या बोर्डासाठी मात्र एक बोर्ड रिमोट पॉवर स्विच आणि सिरियल सर्व्हरला जोडून टेबलाखाली कायम ठेवा, आणि दर रिलीज-कँडिडेटला तो आपोआप उठतो का ते बघा. आवृत्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा येतात. काही मोडलं असेल तर रिलीज-कँडिडेटच्या काळात सांगितलेलं त्याच आवृत्तीत दुरुस्त होतं. वर्षभराने सांगितलं तर बायसेक्ट करत (कुठल्या कमिटने मोडलं ते शोधत) बसायची पाळी तुमच्यावरच येते.

पॅच पाठवताना साफसफाई आणि वर्तनातला बदल एका कमिटमध्ये घालू नका. मालिकेतला प्रत्येक पॅच स्वतंत्र बिल्ड झाला पाहिजे, नाहीतर बायसेक्ट करणारा मध्येच अडकतो. नवं काम मर्ज विंडोच्या (नवे बदल आत घेण्याच्या काळाच्या) तोंडावर न पाठवता आधी पाठवा. उत्तर आलं नाही तर आठवड्या-दोन आठवड्यांनी नम्रपणे आठवण करा. कस्टोडियन, म्हणजे एकेक उपप्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळ जण हे नोकरीतून वेळ काढून करतात, आणि 2012 पासून मुख्य धुरा सांभाळणारे टॉम रिनी यांच्याकडे येणाऱ्या ढिगाची कल्पना गिटचा इतिहास बघितला तरी येते. मेंटेनर्सच्या फाइलीत बोर्डापुढे नाव घालताना कंपनी सोडून जाणाऱ्या माणसाचा ऑफिसचा ईमेल एकटाच ठेवू नका. पुण्या-बंगळुरूत लोक दोन वर्षांनी नोकरी बदलतात, मेल परत येऊ लागतो आणि बोर्ड अनाथ ठरतो. दोन नावं द्या.

सुरक्षा तपासणीच्या अनुषंगाने एक. नवी आवृत्ती घेतली म्हणजे सगळं सुटलं असं होत नाही. 2019 मध्ये यू-बूटच्या नेटवर्क कोडमध्ये, मुख्यतः एनएफएसच्या (नेटवर्कवरून फाइल वाचण्याच्या पद्धतीच्या) उत्तरांची लांबी न तपासता कॉपी करण्यातून, 13 त्रुटी एकत्र जाहीर झाल्या. 2022 मध्ये आयपीचे तुकडे जोडण्याच्या कोडमध्ये आणि यूएसबीवरून फर्मवेअर घेणाऱ्या डीएफयूमध्ये पुन्हा लांबीच्याच त्रुटी निघाल्या. तुमच्या ड्रायव्हरसाठी याचा अर्थ एवढाच की डिस्क्रिप्टरमध्ये हार्डवेअरने लिहिलेली लांबी बफरच्या लांबीशी ताडून बघितल्याशिवाय वर देऊ नका. आणि उत्पादनाच्या बिल्डमध्ये एनएफएस, डीएफयू किंवा अख्खं नेटवर्क लागत नसेल तर बंदच करा. दुरुस्त्या मागे आणत बसण्यापेक्षा ते स्वस्त.

तुमच्या तीन ड्रायव्हरांपुरतं सांगायचं तर आधी नुसतं सिरियल आणि एमएमसी घेऊन नव्या आवृत्तीवर बोर्ड उठवा. मग एसपीआय फ्लॅश घ्या. तिथला तुमचा बदल एखाद्या फ्लॅश चिपची ओळख वाढवण्याएवढाच असण्याची शक्यता जास्त, आणि ती ओळख आता सामाईक तक्त्यात असेलही. इथरनेट शेवटी, वर लिहिलेलं कॅश आणि 'स्टॉप' तपासून.

पॉवर चिपचं थोडं वेगळं आहे. यू-बूटमध्ये पीएमआयसी (म्हणजेच पॉवर चिप) आणि रेग्युलेटरचे यूक्लास आहेत आणि मुख्य यू-बूटमध्ये तेच वापरा. पण डीडीआर मेमरीचं व्होल्टेज ती सुरू होण्याआधी, एसपीएलच्या तोकड्या जागेत लावावं लागत असेल, तर तिथे अख्खं रेग्युलेटर मॉडेल आणायचा अट्टहास करू नका. आय2सीवर दोन-तीन रजिस्टरं थेट लिहिणारं एक लहान फंक्शन बोर्डाच्या फाइलीत ठेवलं तर परीक्षणात कोणी फारसं अडवत नाही. फक्त त्या आकड्यांशेजारी डेटाशीटमधल्या रजिस्टरांची नावं आणि किती मिलिव्होल्ट ते लिहा. विक्रेत्याच्या सोर्समध्ये तिथे नुसते हेक्स आकडे असणार, आणि ते उलगडायला लागणारी डेटाशीट आत्ताच मागवून ठेवा.